जुन्या डेस्कटॉपवर घरचा वेब सर्व्हर: आधी रस्ता, मग मशीन

बाबांच्या पावसाच्या वह्या माझ्याकडे आहेत. शेतावरच्या पर्जन्यमापकात साठलेलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजायचं आणि मिलिमीटरमध्ये टिपून ठेवायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्या वह्या मी टाइप केल्या, साध्या पानांची वेबसाइट केली आणि ती घरात पडून असलेल्या डेस्कटॉपवर ठेवली. होस्टिंग भाड्याने घेतलं असतं तर फार खर्च आला नसता. पण हौसेला मोल नाही. ज्यांचा धंदा वेबसाइटवर चालतो त्यांनी मात्र घरच्या मशीनच्या नादी लागू नये. गावची लाइट गेली की दुकान बंद, असं व्हायला नको.

या कामातला सॉफ्टवेअरचा भाग अर्ध्या-पाऊण तासात उरकतो. मला आठवडा गेला तो बाहेरच्या माणसाला माझ्या मशीनपर्यंत पोचता यावं यासाठी. म्हणून मी नेहमीचा क्रम उलटा करून सांगते. एक रुपया खर्च करण्याआधी, पेनड्राइव्ह हातात घेण्याआधी, राउटर तपासा.

राउटरचा बाहेरचा पत्ता

राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर त्याचा घरातला पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन करा आणि 'स्टेटस' किंवा 'वॅन' नावाचं पान शोधा. तिथे राउटरला बाहेरून मिळालेला आयपी पत्ता दिसेल. तो कागदावर लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून गूगलला 'व्हॉट इज माय आयपी' विचारा. दोन्ही आकडे सारखे असतील तर तुम्ही नशीबवान, निम्मं काम झालं.

आकडे वेगळे असतील आणि राउटरवरचा पत्ता १०० पासून सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, किंवा पहिलाच आकडा १० असेल, तर तुमच्या इंटरनेट कंपनीने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलाय. याला सीजीनॅट म्हणतात. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, एकूण पत्ते सुमारे ४.३ अब्जच. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. पुढच्याच वर्षी १००.६४ पासूनचा एक पट्टा खास अशा वाटून घ्यायच्या वापरासाठी बाजूला काढण्यात आला. अख्ख्या चाळीला एकच टपालपेटी असावी तसं हे आहे. तुम्ही पाठवलेल्या पत्राचं उत्तर बरोबर तुमच्याच खोलीत येतं, कारण पत्र कुणी टाकलं ते पेटीवाल्याला आठवत असतं. पण आपणहून आलेलं पत्र कोणत्या खोलीचं हे त्याला कळायला मार्ग नाही. वेबसाइट बघायला येणारा प्रत्येक जण म्हणजे असं आपणहून आलेलं पत्र. अशा लाइनवर राउटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे आत यायची क्रमांक दिलेली दारं, उघडा, उपयोग शून्य.

मग करायचं काय? सरळ मार्ग म्हणजे कंपनीला फोन करून सार्वजनिक किंवा स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मागायचा. त्याचे वेगळे पैसे पडतात. पैसे भरल्यावर वरची तपासणी पुन्हा करा. माझ्याकडे पैसे घेतल्यानंतरही राउटर १० चाच पत्ता दाखवत होता. तीन फोन झाले, 'मॅडम, राउटर बंद करून चालू करा' दोनदा ऐकून झालं, तेव्हा कुठे त्यांच्या बाजूची नोंद बदलली.

दुसरा मार्ग आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते. भारतात त्याचा प्रसार चांगला आहे आणि त्यात तुमच्या मशीनला थेट स्वतःचा पत्ता मिळतो. अडचण एवढीच की ज्याच्या ऑफिसच्या किंवा घरच्या नेटवर आयपीव्ही६ नाही, त्याला तुमची साइट दिसणार नाही.

तिसरा मार्ग बोगद्याचा. तुमचं मशीनच बाहेर फोन लावतं आणि लाइन धरून ठेवतं, पाहुणे त्या लाइनवरून आत येतात. क्लाउडफ्लेअर टनेल हे काम करतं, पण त्यासाठी स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचं विकत घेतलेलं नाव, त्यांच्याकडे जोडावं लागतं आणि मधल्या टप्प्यावर मजकूर त्यांच्या मशीनवर उलगडला जातो. पावसाच्या आकड्यांना त्याने फरक पडत नाही, घरगुती कागदपत्रांना पडू शकतो. साइट फक्त घरच्या पाच-सात माणसांसाठी असेल तर टेलस्केल बसवा. प्रत्येकाच्या फोनवर त्याचं ॲप टाकलं की सगळे जणू एकाच वायफायवर आहेत असं होतं आणि बाहेर काहीच उघडं राहत नाही. माझं मत विचाराल तर कुटुंबापुरत्या फोटोंसाठी हाच मार्ग घ्यावा, पुढची पोर्टची सगळी यातायात टळते.

मशीन आणि वीज

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ न चालणारी कितीतरी धडधाकट मशीन घरोघरी अडगळीत गेली. या कामाला ती उत्तम. अट एकच, प्रोसेसर ६४ बिटचा हवा. विंडोजच्या जागी आपण डेबियन ही फुकट लिनक्स प्रणाली टाकणार आहोत. तिची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली तेव्हापासून ३२ बिटच्या मशीनसाठी तिचा इन्स्टॉलर मिळत नाही. साध्या पानांना २ जीबी रॅम पुरते. जुनी हार्ड डिस्क घरघर करत असेल तर छोटी एसएसडी टाका.

विजेचा हिशोब मात्र आधी करा. नुसता चालू असलेला जुना डेस्कटॉप ५० वॉट खातो असं धरलं तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो. तुम्ही आधीच शंभरच्या पलीकडे असाल तर हे ३६ च्या ३६ वरच्या दराने लागतील. जुना लॅपटॉप १२-१५ वॉटमध्ये भागवतो, म्हणजे महिन्याला दहा युनिटांच्या आसपास, शिवाय बॅटरी हाच त्याचा यूपीएस. नवं ठरवत असाल तर लॅपटॉपच घ्या, मी डेस्कटॉप वापरते कारण तो पडून होता. लॅपटॉपचं बूड फुगलेलं दिसलं, टचपॅड वर आलेला दिसला, तर ती बॅटरी आधी काढून टाकायची. फुगलेली बॅटरी चोवीस तास चार्जिंगला ठेवणं म्हणजे घरात आग ठेवणं.

डेस्कटॉपवाल्यांनी बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, जायचं. मशीन सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबत राहा. तिथे 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' अशा अर्थाचं सेटिंग असतं, ते 'पॉवर ऑन' करा. लाइट आली की मशीन आपोआप उठेल. मी हे केलं होतं. तरीही जूनमधल्या एका वळवाच्या संध्याकाळी लाइट जाऊन आली, सगळं घर उजळलं, पंखा फिरतोय, राउटर लुकलुकतोय आणि साइट मात्र गायब. मशीनला मॉनिटर नव्हताच. दुसऱ्या खोलीतला उचलून आणून जोडला तर काळ्या पडद्यावर एक ओळ: पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. आता कीबोर्डच नसलेल्या मशीनचं एफ१ कोण दाबणार? मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, संपला होता. लाइट असताना कळत नाही. लाइट गेली की बायॉस तारीख विसरतं, 'पॉवर ऑन' विसरतं आणि विचारत बसतं. जुनं मशीन उघडलंच आहे तर घड्याळाच्या दुकानातून हा सेल आणून आधी बदला, मगच बायॉसची सेटिंग करा.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागची खटकी बघा. 'यूपीएस' मोडवर असेल तर लाइट जाताना मशीन बंद पडत नाही. दुसऱ्या मोडवर लाइट गेल्यावर क्षणभर उशीर होतो, पंख्याला तो कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. आणि राउटर, फायबरचा डबा हेही इन्व्हर्टरवर घ्या. सर्व्हर जागा आणि राउटर झोपलेला, याला काही अर्थ नाही.

डेबियन टाकणं

डेबियनच्या साइटवरून 'नेट इन्स्टॉल' नावाची छोटी इमेज उतरवा, रूफस या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवा आणि मशीन त्यावरून सुरू करा. डिस्कवरचं सगळं पुसलं जाणार आहे. जुन्या लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा, काय असेल ते आधी काढून घ्या. इन्स्टॉलर विचारत जातो, आपण उत्तरं देत जायची. दोन ठिकाणी थांबा. रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड विचारला की तो कोरा सोडा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या खात्याला सुडोचा, मुख्य खात्याच्या वतीने आज्ञा देण्याचा, अधिकार आपोआप मिळतो. शेवटी सॉफ्टवेअरची यादी येते तेव्हा डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढा आणि 'एसएसएच सर्व्हर' (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून या मशीनमध्ये शिरण्यासाठी) व 'स्टँडर्ड सिस्टीम युटिलिटीज' एवढ्याच ठेवा.

मशीन राउटरला केबलनेच जोडा, वायफायने नको. मग राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे घरातले पत्ते वाटण्याच्या, पानावर जाऊन या मशीनसाठी एक पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.५०. हे केलं नाही तर एखाद्या दिवशी राउटर त्याला दुसराच आकडा देईल आणि पुढची सगळी जोडणी हवेत लटकेल.

इथून पुढे मॉनिटर लागत नाही. आज्ञा मी फोनवर सांगावं तशा उच्चाराने लिहितेय, टाइप अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत करायच्या. रोजच्या कॉम्प्युटरवर पॉवरशेल उघडा आणि 'एसएसएच', जागा, तुमचं नाव, ॲटची खूण, १९२.१६८.१.५० असं टाका. पासवर्ड दिला की तुम्ही सर्व्हरच्या आत. पासवर्डऐवजी किल्ली वापरायची असेल, आणि वापरावीच, तर 'एसएसएच-कीजेन'ने किल्लीची जोडी बनवा, तिचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर ठेवा आणि एसएसएचडी-कॉन्फिगमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन' 'नो' करा. नवीन खिडकीतून किल्लीने आत शिरता येतंय याची खात्री होईपर्यंत जुनी खिडकी बंद करू नका. नाहीतर मॉनिटर पुन्हा उचलून आणावा लागतो.

एंजिनएक्स आणि मराठी पानं

मागणाऱ्याला पानं देणाऱ्या प्रोग्रामलाही वेब सर्व्हरच म्हणतात. त्यांत अपाचे १९९५ पासूनचा, एंजिनएक्स २००४ चा, कॅडी त्यानंतरचा आणि सगळ्यात सुटसुटीत. मी एंजिनएक्स वापरते, कारण अडलं तर त्याची उत्तरं सगळीकडे सापडतात. स्पेलिंग एन, जी, आय, एन, एक्स. आज्ञा दोनच: 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एंजिनएक्स'. मग रोजच्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.५० टाका. 'वेलकम टू एंजिनएक्स' असं पान दिसलं की घरातला सर्व्हर तयार. चहा घ्यायला हरकत नाही.

पानं ठेवायची जागा म्हणजे 'वार' फोल्डरमधलं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू', त्यातलं 'एचटीएमएल'. ते फोल्डर रूटच्या मालकीचं असतं, 'चोन' आज्ञेने आपल्या नावावर करून घ्या, म्हणजे रोजच्या कॉम्प्युटरवरून विनएससीपी या प्रोग्रामने फायली सरळ ओढून टाकता येतात. इंडेक्स नावाची तुमची एचटीएमएल फाइल तिथे गेली की स्वागताचं पान मागे पडतं.

पहिल्या दिवशी माझ्या साइटवर 'श्रावण' ऐवजी विचित्र चिन्हांची माळ दिसत होती: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार कोपऱ्यांना शेपट्या फुटलेलं वर्तुळ, मध्येच जपानी येनची खूण. वायरस नव्हता. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइटची असते. ब्राउझरला लिपीची कल्पना दिली नाही तर ते तीन बाइट तो युरोपीय अक्षरं समजून सुटेसुटे छापतो. देवनागरीच्या सगळ्या अक्षरांचा पहिला बाइट एकच, म्हणून तो ए पुन्हा पुन्हा येतो. एंजिनएक्सच्या 'साइट्स-अव्हेलेबल' फोल्डरातल्या 'डिफॉल्ट' फाइलमध्ये, सर्व्हरच्या कंसात, 'कॅरसेट यूटीएफ-८' अशी ओळ टाका आणि शेवटी अर्धविराम द्या. प्रत्येक पानाच्या डोक्यातही मेटा कॅरसेट लिहा.

फायलींची नावं मात्र रोमनमध्येच ठेवा. हे सांगताना वाईट वाटतं, पण देवनागरी नावाची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होऊ शकतात. 'पर्जन्यमान' एवढ्या नावाची नव्वद चिन्हांची शेपटी बघून मावशीने लिंक उघडलीच नाही, तिला ती फसवणूक वाटली.

नाव, पोर्ट, कुलूप

बोगदा वापरणाऱ्यांना हा भाग लागत नाही, त्यांना कुलूपही बोगद्याबरोबरच मिळतं.

सार्वजनिक आयपी स्थिर असेल तर एखादं डोमेन घ्या आणि त्याची 'ए' नोंद त्या आकड्याकडे वळवा. .इन स्वस्त पडतं. देवनागरीतलं .भारत २०१४ पासून मिळतं, पण ज्याच्या फोनवर मराठी कीबोर्ड नाही त्याला ते टाइप करता येत नाही. आयपी अधूनमधून बदलत असेल तर डक डीएनएस फुकट नाव देतं. त्यांच्या साइटवर दिलेली दोन ओळींची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी चालवा, म्हणजे नाव नव्या आकड्याकडे वळत राहतं.

राउटरवर 'पोर्ट फॉरवर्डिंग' किंवा 'व्हर्च्युअल सर्व्हर' शोधा आणि ८० व ४४३ ही दोनच पोर्ट १९२.१६८.१.५० कडे पाठवा. एसएसएचचं २२ नंबरचं पोर्ट बाहेर उघडू नका. राउटरचं स्वतःचं 'रिमोट मॅनेजमेंट' चालू असेल तर ते बंद करा. तपासताना फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून बघा. बरेच राउटर घरातून बाहेर जाऊन पुन्हा घरात येऊ देत नाहीत, त्यामुळे जगाला दिसणारी साइट फक्त तुम्हालाच दिसत नाही आणि माणूस रात्रभर चालू असलेलंच दुरुस्त करत बसतो.

आता कुलूप, म्हणजे साइट आणि पाहुणा यांच्यातला मजकूर वाटेत कुणाला वाचता येऊ नये याची सोय. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था फुकट देते. त्याआधी मघाच्याच 'डिफॉल्ट' फाइलमध्ये 'सर्व्हर नेम' पुढे असलेली खालची रेघ खोडून तिथे तुमचं डोमेन लिहा. हे विसरलं तर प्रमाणपत्र मिळतं पण कुठे लावायचं ते सर्टबॉटला, म्हणजे प्रमाणपत्र आणून लावणाऱ्या प्रोग्रामला, सापडत नाही. 'सुडो एंजिनएक्स डॅश टी' म्हणून फाइल तपासा, ठीक असेल तर सर्व्हर रीलोड करा. मग 'सर्टबॉट' आणि त्याचं एंजिनएक्सचं प्लगइन ॲप्टने टाका आणि 'सुडो सर्टबॉट डॅश-डॅश एंजिनएक्स' चालवा. प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, नूतनीकरण आपोआप होतं. पण होतंय ना, हे 'रिन्यू'ला 'डॅश-डॅश ड्राय-डॅश-रन' जोडून एकदा बघून घ्या. मुदत संपत आल्याची आठवण करून देणारी ईमेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केली आहे.

बिनबोलावलेले

साइट लागली त्या रात्री 'वार' मधल्या 'लॉग' फोल्डरात एंजिनएक्सची ॲक्सेस फाइल उघडून बसा. साइट कुणालाही सांगितलेली नसताना पाहुणे येताना दिसतील. एक वर्डप्रेसचं लॉगिन मागतो, दुसरा पीएचपी-माय-ॲडमिन, तिसरा पासवर्ड ठेवायची 'एन्व्ह' फाइल. प्रमाणपत्र निघालं की त्यावरचं नाव सार्वजनिक नोंदवहीत चढतं आणि ती वाचत बसलेले बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, लगेच दारं वाजवतात. तुमच्याकडे नुसती एचटीएमएलची पानं असतील तर सगळ्यांना ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' असं उत्तर, मिळून ते परत जातात. यासाठीच घरच्या मशीनवर वर्डप्रेस मी टाळते. टाकलंत तर दर आठवड्याला त्याचे अपडेट बघायची तयारी ठेवा, कारण ते मशीन तुमच्या घरातल्या नेटवर्कमध्ये बसलंय.

'अनअटेंडेड अपग्रेड्स' हे पॅकेज टाका, सुरक्षेचे अपडेट आपोआप होतात. फायरवॉलसाठी यूएफडब्ल्यू. त्यात आधी घरच्या नेटवर्कला २२ ची परवानगी द्या, मग ८० आणि ४४३ ची, आणि सगळ्यात शेवटी 'इनेबल'. क्रम चुकला तर स्वतःच बाहेर. ईमेलचा सर्व्हर मात्र घरी लावू नका. घरगुती आयपीवरून निघालेली पत्रं बहुतेक ठिकाणी स्पॅममध्ये जातात किंवा दारातूनच परत येतात.

बॅकअप म्हणून मी दर रविवारी पानांचं फोल्डर आणि एंजिनएक्सचं सेटिंग पेनड्राइव्हवर घेते, मिनिटाचंही काम नाही. डिस्क गेली तर नवं डेबियन आणि ही दोन फोल्डर, दुपारपर्यंत साइट परत उभी.

शेवटचं काम कागद आणि चिकटपट्टीचं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन केंद्रात जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला तोही त्यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट कॉम्प्युटरवरच, आणि हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी लाल शाईची चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. आमच्याकडे साइट पहिल्यांदा बंद पडली ती ना हॅकरमुळे ना पावसामुळे. माझ्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'इस्त्रीसाठी हा प्लग काढू नये.'